दार उघडण्याचं रीतसर नाव

नेमकेकाकांना घरी हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं आणि ऑफिसात त्यांना हाक मारायची कोणाला गरज पडत नव्हती. नेमके हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. 'नेमकं बोला, नेमकं' असं ते ज्याला त्याला सुनावत, म्हणून कोणीतरी हे नाव ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की ओळखपत्रं छापणाऱ्या मुलीने एकदा तेच छापून दिलं. काकांनी ते परत केलं नाही. निदान छापणाऱ्याला आपण कोण हे ठाऊक आहे, एवढं समाधान त्यांनी पदरात पाडून घेतलं.

कंपनी मोठमोठ्या इमारतींसाठी सॉफ्टवेअर करायची. दारं, लिफ्ट, पाण्याचे पंप, दिवे, सगळं त्या सॉफ्टवेअरवर चाले. दारांची टीम वेगळी, लिफ्टची वेगळी, पंपांची वेगळी. प्रत्येक टीमचा आपापला मजला, आपापला गोंगाट आणि आपापली भांडणं. काका कोणत्याच टीममध्ये नव्हते. कॉरिडॉरच्या टोकाला, झेरॉक्स मशीनच्या पलीकडे, ते एकटे बसून सामाईक लायब्ररी सांभाळत.

लायब्ररी म्हटलं की पुस्तकं डोळ्यांसमोर येतात. ती ही नव्हे. सगळ्या टीमना लागणारी बारीकसारीक कामं एकदाच नीट लिहून एका जागी ठेवायची, म्हणजे प्रत्येकाने नव्याने डोकं फोडायला नको, असा तो प्रकार. दार उघडणं हे एक काम, पाण्याची पातळी मोजणं हे दुसरं. अशा प्रत्येक कामाला फंक्शन म्हणतात आणि प्रत्येकाला एक नाव असतं. काही फंक्शनं घरातल्या घरात वापरायची असतात, त्यांना काळू म्हणा की बाळू म्हणा, कोणाचं काही बिघडत नाही. पण काही बाहेरच्यांसाठी खुली ठेवलेली असतात. दुसऱ्या टीमच्या प्रोग्रामने त्या नावाने हाक मारायची आणि फंक्शनने मुकाट काम करायचं, असा रिवाज. मात्र हाक अचूक लागते. एक अक्षर इकडचं तिकडे झालं, तर फंक्शन ओळखसुद्धा दाखवत नाही.

आणि ही बाहेरची नावंच काकांच्या जिवाला लागली होती. नुसत्या दार उघडण्याची तऱ्हा बघा. एक होतं ओपन-डोअर. एक होतं डोअर-ओपन. मग कोणीतरी सुधारणा केली, तिचं नाव डोअर-ओपन-न्यू. ती नवी जुनी झाल्यावर डोअर-ओपन-न्यू-फायनल आलं. फायनलनंतर माणसाने थांबावं की नाही? पण त्याच्याही मागून डोअर-ओपन-न्यू-फायनल-टू जन्माला आलं आणि दारांच्या टीमने नेमकं तेच सगळीकडे लावलं. काकांना ते नाव वाचताना दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं.

शेवटी त्यांनी ठरवलं की निवृत्त व्हायच्या आत हे घर झाडून काढायचं. नियम सोपा होता. आधी वस्तू, मग क्रिया. न्यू नाही, फायनल नाही. एका कामाला एकच नाव. नियम तीन ओळींत मावत होता, पण काकांनी त्याला प्रस्तावना जोडली, मग प्रस्तावनेला पार्श्वभूमी जोडली, आणि नमनाला घडाभर तेल जाऊन ते प्रकरण एका जाडजूड प्रबंधाएवढं झालं. संध्याकाळी दुसरं करण्यासारखं तरी काय होतं? बायको गेल्यापासून घरात फ्रिज तेवढा आवाज करायचा.

प्रबंध कोणाला तरी वाचून दाखवावा म्हणून ते समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त हेडमास्तरांकडे गेले. हेडमास्तरांनी दोन पानं ऐकली आणि डोळे मिटले. काकांना वाटलं, चिंतन चाललंय. घोरणं ऐकू आल्यावर खुलासा झाला.

"हां, ऐकतोय," दचकून जागे होत हेडमास्तर म्हणाले. "समिती नेमा."

"समिती कशाला? नियम तर तयार आहे."

"नियम तयार असला तरी समिती पाहिजे. अहो, आम्ही शाळेच्या घंटेसाठी समिती नेमली होती. घंटा शेवटपर्यंत आली नाही, पण माणसं दर शनिवारी जमायची. चहा व्हायचा."

हेडमास्तरांनी हे विनोदाने सांगितलं. काकांच्या मनात मात्र 'माणसं जमायची' एवढेच शब्द रुतून बसले.

आक्काचा, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचा, फोन आला तेव्हा त्यांनी तिलाही हे सगळं समजावून सांगितलं. आक्काने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवलास का?"

"आक्का, मी नावांबद्दल बोलतोय."

"अरे, ज्याला जे नाव पडलं ते पडलं. आपल्या धाकट्या आत्याला सगळे थोरली म्हणायचे. काही अडलं का कोणाचं? तू जेवून घे."

समितीचा प्रस्ताव घेऊन काका साहेबांकडे गेले. साहेब वयाने त्यांच्याहून बरेच लहान आणि स्वभावाने घाईचे. ते उभ्या उभ्या म्हणाले, "मस्त कल्पना आहे, काका. मांडा समितीत." कोणत्या समितीत, हे विचारायच्या आत लिफ्ट त्यांना घेऊन गेली. मग मंजुरीचा अर्ज. त्यात 'या कामाने कोणाचा वेळ वाचेल?' असा रकाना होता. काकांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'सर्वांचा'. अर्ज परत आला, कारण 'सर्वांचा' नावाचा विभाग कंपनीत नव्हता. त्यांनी सगळ्या टीमची नावं एकेक करून लिहिली, तेव्हा कुठे घोडं पुढे सरकलं.

खरी गंमत पुढेच होती. बैठकीच्या खोलीचा एक नियम असे. आत पाच डोकी नसली तर खोली आपलं आरक्षण आपणच रद्द करी आणि भिंतीवरच्या पडद्यावर 'उपस्थिती अपुरी. कृपया खोली रिकामी करावी' अशी अक्षरं उमटत. हा नियम ज्या सॉफ्टवेअरने चाले त्यातलं डोकी मोजायचं फंक्शन काकांनीच लिहिलं होतं, आणि ते फार अचूक मोजायचं. पहिल्या बैठकीला 'येतो' असं सगळ्यांनी कळवलं आणि कोणीच आलं नाही. काका एका लांबलचक टेबलाच्या टोकाला प्रबंधाच्या प्रती नीट रचून बसले, आणि थोड्या वेळाने खोलीने त्यांना अदबीने बाहेर काढलं. दुसऱ्या खेपेला पंपवाला आला, पण तो चार्जर शोधत आला होता. तिसऱ्या खेपेला फक्त सफाईवाली मावशी. तिने विचारलं, "बसू का घटकाभर? पाय दुखतात." काकांनी खुर्ची पुढे सरकवली, पण मावशी धरूनही दोनच डोकी झाली. खोलीने दोघांनाही घालवलं.

तेव्हा काकांचा अभिमान दुखावला. एवढी वर्षं ज्यांची दारं, लिफ्टा आणि पंप आपल्या जिवावर हलतात, त्यांना आपल्यासाठी अर्धा तास नसावा? त्यांनी सर्वांना एक मेल पाठवला. येत्या सोमवारपासून नवी नावं लागू, जुनी बंद, कोणाची हरकत असल्यास कळवावी. कोणीही कळवलं नाही. मौन म्हणजे संमती, असं शास्त्र सांगतं. मौन म्हणजे कोणी वाचलंच नाही, असं अनुभव सांगतो. काकांनी शास्त्र मानलं.

आता कंपनीचं एक ब्रीद होतं, 'आधी आपल्या घरी, मग गिऱ्हाईकाच्या दारी.' लायब्ररीची नवी प्रत गिऱ्हाईकांकडे जायच्या आधी स्वतःच्याच इमारतीवर चढायची, आणि ती रोज दुपारी जेवणानंतर आपोआप चढे. सोमवारी सकाळी काकांनी सुरुवात म्हणून दारांची जुनी नावं पुसून नवी बसवली. त्याच दुपारी पुन्हा एकदा बैठक ठेवली. येणार कोणी नाही हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

पण त्या दिवशी इमारतीतला एसी बंद पडला. नेमकी बैठकीच्या खोलीची यंत्रणा तेवढी वेगळी होती. मजल्यामजल्यावर लोकांनी दारं सताड उघडी टाकून त्यांना खुर्च्या लावून ठेवल्या, आणि ज्यांच्या कॅलेंडरवर काकांचं आमंत्रण होतं त्यांना अचानक नावांविषयी आस्था वाटू लागली. साहेब आले. पंपवाला डबा घेऊन आला. दारवाला आला, कपाळ पुसत. लिफ्टच्या टीमची प्रमुख आली. तिला सगळे लिफ्टवाली म्हणत. ती तिशीची, स्पष्ट बोलणारी होती आणि बसल्या बसल्या घड्याळ बघायची तिला सवय होती. काका धरून बरोबर पाच. पडद्यावर 'उपस्थिती पुरेशी' अशी अक्षरं आली. काकांना भरून आलं.

"गार हवा जाईल, दार लावून घ्या," साहेब म्हणाले. दारवाल्याने दार लावलं. ते लागल्यावर अर्ध्या मिनिटात नवी प्रत इमारतीवर चढली.

नमन चालू असतानाच साहेबांना फोन आला आणि ते दाराकडे गेले. त्यांनी बटण दाबलं. दार ढिम्म. पुन्हा दाबलं. मग दारवाला उठला आणि त्याने जरा अधिकाराने दाबलं. तरी दार हललं नाही. दाराचा प्रोग्राम आत डोअर-ओपन-न्यू-फायनल-टू म्हणून हाका मारत होता, आणि त्या नावाचं आता कोणी राहत नव्हतं.

काकांच्या हे तत्काळ ध्यानात आलं. उपायही तत्काळ सुचला. जुनं नाव परत लावायचं आणि त्याने नव्याकडे बोट दाखवायचं. एका ओळीचं काम, आणि अडचणीच्या वेळी प्रत हाताने लगेच चढवायची मुभा काकांना होती. लॅपटॉप समोरच उघडा होता.

"काका, हे तुमच्या त्या नावांमुळे का?" साहेबांनी विचारलं.

"असावं," काका म्हणाले. "बघतो. जरा वेळ लागेल."

आता हे वाक्य त्यांच्या तोंडून कसं निघून गेलं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. जन्मभर 'नेमकं बोला' म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यातलं पहिलं मोघम वाक्य उच्चारलं, आणि ते सरळसरळ खोटं होतं.

भिंतीवर काचेची पेटी होती. ती फोडली की सगळी कुलपं सुटतात, पण भोंगाही वाजतो. मागच्या वेळी कोणीतरी ती फोडली होती, तेव्हा सगळी इमारत रस्त्यावर उभी राहिली होती आणि साहेबांना वरच्यांसमोर उत्तरं द्यावी लागली होती. "पेटीला कोणी हात लावायचा नाही," साहेबांनी बजावलं. "काका करतायत ना, करू द्या."

मग काय करणार? बसले सगळे. पंपवाल्याने डबा उघडून मधे ठेवला. रिकामं बसून बसून दारवाल्याने प्रबंधाची प्रत ओढली आणि चाळता चाळता म्हणाला, "आधी वस्तू का? आधी क्रिया पाहिजे. माणूस म्हणतो, उघड. मग म्हणतो, काय ते."

"अजिबात नाही," पंपवाला तोंडातला घास सावरत म्हणाला. "माझ्याकडे चाळीस वस्तू आहेत. आधी पंप म्हटलं की सगळे पंप एका ओळीत येतात. काकांचं बरोबर आहे."

काकांचं बरोबर आहे! हे शब्द त्या इमारतीत प्रथमच उच्चारले गेले असावेत. काकांचे कान गरम झाले. मग जो वाद पेटला तो पेटला. साहेबांनी टाय सैल केला आणि फळ्यावर रेघा मारायला लागले. लिफ्टवालीने विचारलं, "पण काका, जुन्या नावाने मागणाऱ्यांनी कुठे जायचं? ते काय नियम वाचून हाक मारतात? त्यांना सवयीचं असतं ते."

"नाव नेमकं असेल तर नवी सवय लागते," काका म्हणाले.

"तुम्हाला घरी काय म्हणतात?"

"आता कोणी काही म्हणत नाही." काकांनी समोरची प्रत सरळ केली. "ती होती तेव्हा अहो म्हणायची. नुसतं अहो."

"म्हणजे वस्तू नाही, क्रिया नाही," दारवाला हसत म्हणाला. "तुमच्या नियमात नापास."

सगळे हसले. काकाही हसले, आणि हसता हसता त्यांना आठवलं की त्या 'अहो'चे किती अर्थ होते. दूध उतू जातंय, छत्री राहिली, औषध घेतलंत का. एका कामाला एकच नाव हा नियम तिने कधी पाळला नाही, आणि एकही हाक कधी वाया गेली नाही. त्यांनी लॅपटॉपवर उगाचच दोन-चार बटणं दाबली आणि "होतंय, होतंय" म्हणाले. आपण वाईट वागतोय हे त्यांना स्वच्छ कळत होतं. पण टेबलाभोवती पाच माणसं होती, मधे डबा होता, आणि कोणीही उठून जात नव्हतं. पंपवाल्याने त्यांच्यापुढे डब्याचं झाकण केलं. "घ्या ना काका. बायकोने जास्तच दिलंय." काकांनी घेतलं. चार माणसांत बसून शेवटचं कधी खाल्लं होतं, ते त्यांना आठवेना.

लिफ्टवाली मात्र खात नव्हती. ती पुन्हा पुन्हा एक नंबर लावत होती आणि पलीकडून कोणी उचलत नव्हतं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"पाळणाघर. दुपारपुरतंच असतं. बाई वेळ झाली की कुलूप लावतात. पोरीला बाहेरच्या पायरीवर बसवतात आणि स्वतः जातात. मागे एकदा मला उशीर झाला, तर बसली होती एकटी. रडतसुद्धा नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघत होती." तिने फोन ठेवला आणि ती काकांकडे वळली. "काका, खरं सांगा. तुम्हाला हे उघडता येतं ना?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काय असतं हे काकांना तेव्हा समजलं. अजून 'जरा वेळ' म्हणता आलं असतं. कोणाला कळलं नसतं, कारण त्या लायब्ररीत डोकावून बघायची तसदी कोणी कधी घेतलीच नव्हती. पण पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघणं म्हणजे काय, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

"येतं," ते म्हणाले. "मघापासूनच येतं."

त्यांनी ती ओळ लिहिली. बाकीची जुनी नावंही त्याच झटक्यात परत लावली. कुलूप टक् करून सुटलं. ज्या कामाला 'जरा वेळ लागेल' म्हणून सांगितलं होतं, ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाणी पिण्याइतक्या वेळात झालं.

"काका!" साहेब खुर्चीतून उठले. "म्हणजे आम्ही इतका वेळ... कशासाठी?"

"तुम्ही बसला होतात," काका म्हणाले. "बरं वाटत होतं."

अशा कारणासाठीही अर्जात रकाना नसतो. साहेबांनी टाय आवळला आणि उभ्या उभ्या निकाल दिला. नवी नावं काढायची नाहीत, कारण काढताना आणखी काय मोडेल ते सांगता येत नाही. जुनी नावंही काढायची नाहीत. आणि समिती आजपासून बरखास्त. म्हणजे पसारा आवरायला निघालेल्या माणसाच्या हातून पसारा आणखी वाढला होता. दार उघडायला आता आधीची सगळी नावं होती, आणि शिवाय एक रीतसर नाव होतं, जे कोणीच वापरणार नव्हतं.

साहेब गेले. दारवाला पुटपुटत गेला. पंपवाल्याने डब्याला झाकण लावलं आणि तोही गेला. लिफ्टवाली सगळ्यांच्या आधी पळाली होती. तिने मागे वळूनही पाहिलं नव्हतं, आणि तिचं काही चुकलं नव्हतं.

काका बसून राहिले. लगेच उठून कॉरिडॉरमधून सगळ्यांच्या नजरेसमोर जायचं त्यांच्यात बळ नव्हतं. प्रबंधाच्या प्रती गोळा करायला हव्या होत्या. एक प्रत दारवाल्याने उलटी ठेवली होती, दुसरीवर तेलाचा डाग पडला होता. ते नुसते त्या डागाकडे बघत राहिले. इतके निश्चल बसले की थोड्या वेळाने खोलीतले दिवे गेले. आत कोणी हलत नसलं की आत कोणी नाही असं समजून दिवे मालवायचे, ही सोय कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. गिऱ्हाईकांना ती फार आवडायची.

अंधारात काका म्हणाले, "अरे, आहे मी." मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. त्यांनी हात वर करून हलवला. दिवे लागले.

काचेच्या भिंतीपलीकडे लिफ्टवाली उभी होती. खांद्याला पर्स, कानाला फोन. पाळणाघराच्या बाईंनी अखेर उचलला असावा, कारण ती "निघालेच, दोन मिनिटं थांबवा तिला" असं सांगत होती. दाराबाहेर टेकवून विसरलेली छत्री न्यायला ती परत आली होती. लख्ख उजेडात, रिकाम्या टेबलाशी हात वर करून बसलेले काका तिला दिसले. तिच्या चेहऱ्यावर अजून राग होता. तो काही गेला नव्हता.

तिने छत्री काखेला मारली आणि मोकळा झालेला हात वर करून काकांना हलवला. मग ती जिन्याकडे धावली.

हात दिव्यासाठी होता, हे तिला कळलं नसेल असं नाही. त्या इमारतीत दिव्याला हात सगळेच करतात. तरीही तिने केला. काकांनी आपला हात बराच वेळ खाली घेतला नाही.